कालवांचा क्रीमवाला स्ट्यू केला, दूध फाटलं.. कुठे चुकलं?

नेरूळवाली:
मंडळी मदत हवीय. नवरा दोन वर्षं बॉस्टनला होता तेव्हापासून तिकडचा ऑयस्टर स्ट्यू त्याच्या डोक्यात बसलाय, म्हणजे दूध, क्रीम, बटर आणि कालवं, बास, मसाला वगैरे काही नाही. रविवारी दिवाळे गावच्या मासळी बाजारातून कालवं आणली, मावशीने सोललेली पिशवीत पाण्यासकट दिली, पाव किलोच्या आसपास. मी बटरवर कांदा परतला, अर्धा लिटर दूध ओतलं (घरात टोन्डच होतं), कालवं नळाखाली खळखळून धुवून सगळी एकदम टाकली, मीठ घातलं आणि वरून अर्धं लिंबू पिळलं, आपल्याकडे माशाला लिंबू लागतंच ना! पाच मिनिटांत पातेल्यात हिरवट पाणी आणि वर तरंगणारं पनीर. कालवं तर खोडरबर. सासूबाई म्हणाल्या दुधात मासे घालतात का कुणी, विरुद्ध आहार तो, फाटणारच. नवऱ्याने मुकाट्याने ऑम्लेट करून खाल्लं. परत करायचाय, पण ७ वर्षांची मुलगी पण खाणार त्यामुळे कालवं कच्ची राहिलेली चालणार नाहीत, आणि जास्त शिजवली की रबर होतात. काय करू?

मासेखाऊ_ठाणे:
लिंबू!! 😂 अगं दुधात लिंबू पिळून आपण पनीरच करतो की. त्यात टोन्ड दूध, त्यात फॅट ३ टक्केच, ते असं आंबट-खारट घालून उकळलं की लवकर दगा देतं. फुल क्रीम घे (६ टक्केवालं) आणि सोबत छोटं पॅकेट फ्रेश क्रीम.
खरी गोम अशी की कालवांना उकळी हवी आणि दुधाला उकळी नको. म्हणून दोन भांडी कर. एकात दूध-क्रीम बारीक गॅसवर, कडेला बारीक बुडबुडे दिसले की बंद. दुसऱ्यात बटरवर कांदा मऊ कर, लाल नको, चमचाभर मैदा परतून घे (मैद्याने दूध सहसा फाटत नाही), मग कालवांचं पाणी घाल, उकळलं की कालवं. कड बघ, आधी सपाट असते, मग परकराच्या झालरीसारखी मुरडते. बाहेरदेशी यालाच शिजलं म्हणतात. लेकरू खाणार म्हणून उकळत्या पाण्यात पूर्ण ३ मिनिटं ठेव, घड्याळ लावून, पण त्यापुढे नको. मग गरम दूध त्यात ओत आणि गॅस बंद. मिरी, कांद्याची पात, वाटीत घेतल्यावर चिमूटभर काश्मिरी तिखट. ते लोक वर क्रॅकर्स चुरतात, मी खारी चुरतो, जास्त भारी लागते.

चेंदणीकर:
वरचं सगळं बरोबर पण नळाखाली धुतलीस तिथेच निम्मी चव मोरीत गेली ताई. पिशवीतलं पाणी म्हणजेच स्ट्यू, दूध नुसतं सोबतीला. ते पाणी सुती फडक्यातून गाळून घ्यायचं, खाली शिंपल्याचे तुकडे आणि कच बसते ती टाकायची. कालवं वाटीभर मिठाच्या पाण्यात हलक्या हाताने एकदा फिरवायची, बोटाने चाचपून कवचाचा तुकडा राहिलाय का बघायचं. आणि मीठ अजिबात आधी नाही, पाणी मुळातच खारं असतं.
घेताना वास घ्या, समुद्राचा आला तर ठीक, आंबूस आला तर मावशी कितीही गोड बोलली तरी नको.

घोडबंदरकर_७:
रेसिपी मस्त पण कालवं कुठली ते विचारूनच घ्या. कालव पाणी गाळून जगतं, अमेरिकेतलं मोठं कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत गाळतं म्हणतात, म्हणजे पाण्यात जे असेल ते अंगात. जंतू उकळल्यावर मरतात, पण कारखान्याच्या सांडपाण्यातलं शिसं, पारा शिजवून जात नाही. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, फ्लेमिंगो येतात, सगळं छान, पण खाडीच्या आतल्या बाजूची कालवं मी तरी खात नाही.

चेंदणीकर:
@घोडबंदरकर_७ बरोबर आहे, आमच्या घरी पण आता रेवस-अलिबागकडची आली तरच घेतात. आजी खाडीतलीच फोडून आणायची, ते दिवस गेले.

आगरी_तडका:
सासूबाईंसाठी नारळाच्या दुधात कर ना, विरुद्ध आहाराचा प्रश्नच मिटला. पद्धत तीच, फक्त घट्ट रस शेवटी, तोही उकळला की फुटतोच. दोन हिरव्या मिरच्या मोडून टाक. आम्ही एरवी कालवांचं सुकं करतो, पण हे पण जमतं.

नेरूळवाली:
झाला!! काल रात्री केला, दोन भांडी, ३ मिनिटं टायमर, पाणी गाळलं तर फडक्यावर चमचाभर कच निघाली, म्हणजे मागच्या वेळी ती पण... असो. फाटला नाही. नवरा म्हणे क्रीम थोडं कमी चाललं असतं, बॉस्टनचा पातळ असतो. सासूबाईंना नारळवाला वेगळा काढला, त्यांनी तो खाल्ला आणि मग आमच्या वाटीतला "नुसता बघते" म्हणून दोन चमचे घेतला. मुलीने फक्त खारी खाल्ली.