पुलावरचा बाजार

"फेरीवाले हटवल्याशिवाय आफ्रिकेतली शहरं सुधारणार नाहीत" असं काहीजण म्हणतात, ते काही पटत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहराचं वॉरिक जंक्शन बघा. रेल्वे, बस, टॅक्सी सगळं तिथे एकत्र येतं, रोजची लाखो माणसं. १९९०च्या दशकात पालिकेने विक्रेत्यांना हाकलण्याऐवजी त्यांच्याशी बोलून छपरं, पाण्याची सोय केली. जडीबुटीवाल्यांना तर अर्धवट सोडलेल्या उड्डाणपुलावर बसवलं! (आपल्याकडे पुलाखाली बसतात, तिथे वर.) पण त्याच पालिकेने २००९मध्ये, १९१०पासून चालत आलेल्या तिथल्याच अर्ली मॉर्निंग मार्केट या भाजीबाजाराच्या जागी मॉल उभारायचा घाट घातला. भाजीवाले, हातगाडीवाले रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी बेत बारगळला. मक्याची कणसं उकडून विकणाऱ्या बायकांना मॉलमध्ये कोण चूल पेटवू देणार होतं?