मदत हवी आहे: एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या) लेकीसाठी बाबाने कसं गावं?

मुलगी गरोदरपणाच्या 29व्या आठवड्यात झाली, आता 33वा चालू आहे. वजन 1420 ग्रॅम, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी, दूधही नळीनेच. बायको दुपारी तासभर कांगारू केअर करते, म्हणजे लेकीला उघड्या छातीशी धरते, तेव्हा अगदी हळू गुणगुणते. लेक शांत झोपते, ठोकेही स्थिरावतात.

अडलंय माझं. मला संध्याकाळी वीसच मिनिटं आत सोडतात आणि तेव्हा तिला बाहेर काढत नाहीत. इन्क्युबेटरच्या खिडकीतून डोक्यावर हात ठेवून अंगाई म्हटली, तर दोन्ही वेळा तिने बोटं फाकवली, उचकी लागली, रक्तातला ऑक्सिजन 86 टक्क्यांवर आला. लगेच थांबलो. (सूर तसा बरा आहे हो माझा!) रेकॉर्डिंग लावून फोन आत ठेवू का, असं विचारलं, तर सिस्टर साफ नाही म्हणाल्या. पटलं. आवाज 45 डेसिबलच्या आत असावा म्हणतात, आणि त्या पेटीत तो घुमतो. डॉक्टरांची गाण्याला हरकत नाही, पण इथे म्युझिक थेरपिस्ट नाही.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या संगीतोपचारावरचा, पाच देशांतला लाँगस्टेप अभ्यास वाचलाय. त्यात संगीतोपचारामुळे आई-बाळाच्या नात्यात ठळक फरक दिसला नव्हता, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नाही. माझा आवाज तिच्या ओळखीचा व्हावा, इतकंच.

या वयात स्पर्श आणि गाणं एकदम दिलेलं जास्त होतं का? एनआयसीयूत काम करणाऱ्यांनी किंवा यातून गेलेल्या पालकांनी सांगावं: आधी नुसता हात, मग गुणगुणणं असं करू का, आणि किती मिनिटांनी थांबू?