पायलॉन शर्यतीसाठी पहिले विमान घरी बांधतो आहे : पंख थर्माकोलचा करावा की फासळ्यांचा?

मखमलाबादकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये राहतो आणि गेली दोन वर्षे रेडिओवर चालणारी विमाने उडवतो आहे. आधी उंच पंखाचे शिकाऊ विमान होते, नंतर खालच्या पंखाचे एक तयार विमान घेतले. आम्ही चार मित्रांनी आता आपापसात पायलॉन शर्यत, म्हणजे खांबांना वळसे घालत विमाने पळवण्याची शर्यत, लावायचे ठरवले आहे. आखणी आंतरराष्ट्रीय नियमांतील एफ3डी वर्गासारखीच ठेवणार आहोत, म्हणजे 180 मीटरच्या दोन बाजू आणि 40 मीटरचा पाया असलेल्या त्रिकोणावर तीन खांब, आणि डावीकडे वळत दहा फेऱ्या.

विमान मात्र स्वतः बांधायचे, अशी अट आहे. माझ्या आराखड्यात पंख 50 इंच लांब आणि 10 इंच रुंद आहे. हे 500 चौरस इंच अमेरिकेतील क्विकी 500 या वर्गावरून घेतले आहेत. इंजिनाचे मिथेनॉलमिश्रित इंधन सतत मिळवणे जमणार नाही, म्हणून विजेवर चालणारी ब्रशलेस मोटर आणि चार सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी बसवणार आहे. एकूण वजन 1.7 किलोच्या आसपास राहील.

तयार घेतलेल्या विमानाचा पंख एका जोरदार वळणात अगदी मधोमध मोडला होता, त्यामुळे मनात धास्ती बसली आहे. थर्माकोलचा गाभा घेऊन त्यावर बाल्साचे, म्हणजे हलक्या लाकडाच्या पातळ फळीचे, अस्तर द्यावे, की आत लाकडी फासळ्यांचा सांगाडा असलेला पंख करावा? आणि इतरांपेक्षा वरचढ ठरायचे तर मोटर एक आकार मोठी घ्यावी का?

गुण्या-ओळंबा

मोटरचा विचार सध्या बाजूला ठेवा, कारण शर्यत वळणांवर हरली जाते. आपले विमान सेकंदाला 40 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 144 किलोमीटरने, येऊन 20 मीटर त्रिज्येत वळले, तर त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या आठपट भार येतो. 1.7 किलोचे विमान त्या क्षणी पंखाला सुमारे 14 किलोचे वाटते. शिवाय उचल निर्माण करण्यापायी जो अवरोध येतो तो उचलीच्या वर्गाने वाढतो, म्हणून आठपट उचलीला तो चौसष्टपट होतो. हेच वळण 30 मीटर त्रिज्येने घेतले तर भार साडेपाचपटीच्या आत राहतो आणि हा अवरोध निम्म्याहून कमी होतो. मोठ्या मोटरने सरळ मार्गावर मिळवलेला वेग खांबाला घासून वळणारा वैमानिक प्रत्येक फेरीत गमावतो, आणि जड मोटर व जड बॅटरीमुळे पंखावरचा भार वाढतो तो वेगळाच.

पहिल्या विमानासाठी मी थर्माकोलचा गाभाच सुचवीन. फासळ्यांचा पंख हलका होतो हे खरे, पण तो पीळ न पडता जुळवायला हात बसलेला असावा लागतो. पॅकिंगचा भुसभुशीत थर्माकोल मात्र घेऊ नका, घट्ट दाण्याचा घ्या. दोन्ही टोकांना प्लायचे साचे लावून तापलेल्या निक्रोम तारेने गाभा कापावा आणि कापताना उरलेले वरचे व खालचे तुकडे जपून ठेवावेत, कारण पुढे तेच साच्याचे काम करतात. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्यासाठी, वर आणि खाली कार्बनची पट्टी बसवून अस्तराला दीड मिलिमीटरचा बाल्सा वापरावा. तो चिकटवायला इपॉक्सीच घ्यावे, रबर सोल्यूशन थर्माकोल खाऊन टाकते. नंतर सगळा पंख त्या उरलेल्या तुकड्यांमध्ये धरून जाड काचेवर ठेवावा आणि रात्रभर वजनाखाली दाबावा. जुन्या टेबलावरची काच यासाठी उत्तम. माझा पहिला पंख मी लाकडी फळीवर दाबला होता. फळीलाच पीळ होता हे मला विमान सतत उजवीकडे कलू लागल्यावर कळले.

आपला पंख मधोमध मोडला त्याचे आश्चर्य वाटत नाही, सर्वाधिक वाकण्याचा ताण तिथेच येतो. दोन अर्धे जोडताना आत प्लायचा जोडतुकडा घालाच आणि वरून काचतंतूच्या कापडाची रुंद पट्टी इपॉक्सीने गुंडाळा. उड्डाणापूर्वी विमान उलटे करून फक्त मधल्या भागावर टेकवावे आणि दोन्ही पंखांवर वाळूच्या पिशव्या मिळून 20 किलोपर्यंत सारख्या पसराव्यात. करकर आवाज आला तर तो घरात आलेलाच बरा.

अंबडचा टर्नर

वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ताकद पुरेशी असूनही पंख फुटतो हे राहून गेले आहे. वेग वाढला की एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, फडफडू लागतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पंखाच्या चिंध्या होतात. याचे मूळ बहुधा ढिलेपणात असते. सर्व्होच्या (एलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांड्याचे भोक सैल असते, जोडसळई लवचिक असते किंवा बिजागरीची फट उघडी राहिलेली असते. सर्व्हो धातूच्या दात्यांचे घ्या, सळई आखूड व ताठ ठेवा आणि फट पारदर्शक पट्टीने बंद करा. एलेरॉन बोटाने हलवून पाहा. सर्व्हो स्थिर असताना तो जरासुद्धा हलला, तर विमान उडवू नका.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून अडीच ते तीन इंचांच्या दरम्यान असावा, पहिल्या उड्डाणाला अडीच इंचांवरच. तो मागे सरकला तर एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) हातात राहत नाही, आणि पायलॉनचे वळण म्हणजे डावीकडे कलवून एलिव्हेटर ओढणेच असते.

पंख्याचे गणितही बघून ठेवा. 9×7 चा पंखा, म्हणजे 9 इंच व्यासाचा आणि 7 इंच पिचचा (एका फेऱ्यात पुढे जाण्याचे अंतर), मिनिटाला 13,000 फेरे फिरला, तर त्याच्या पिचवरून येणारा वेग ताशी साधारण 139 किलोमीटर होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. त्यात एप्रिलमध्ये पारा 38 अंशांवर गेला की हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा 13-14 टक्क्यांनी कमी भरते. पंखा जोर कमी लावतो, आणि वळताना तेवढ्याच उचलीसाठी पंख जास्त कोनात धरावा लागतो. म्हणून वेगाची मोजणी सकाळी गार हवेत करा आणि सगळ्यांची एकाच वेळी करा, नाहीतर चौघांत वाद होतील.

माळरान

बांधणीबद्दल वरील दोघांनी सांगितले आहेच, मी जागेबद्दल लिहितो. नाशिकभोवती उडवण्याला फार मर्यादा आहेत. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धावपट्टी आहे, देवळालीला तोफखान्याची हद्द आहे, गांधीनगरला लष्करी हवाई तळ आहे आणि नाशिकरोडला नोटांचा छापखाना. केंद्र सरकारच्या ड्रोन नियम 2021 मध्ये छंदासाठी उडवलेली, 25 किलोपर्यंतची आणि नजरेच्या टप्प्यातली मॉडेल विमानेही येतात, म्हणून जागा ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय संकेतस्थळावर हिरवा, पिवळा आणि लाल विभाग तपासा.

द्राक्षबागेशेजारचे मोकळे रान दिसायला छान असते, पण मांडवाच्या तारा 100 मीटरवरून दिसत नाहीत आणि त्यांत शिरलेले विमान सोडवून आणताना बागाईतदाराची बोलणी खावी लागतात. मुरमाड माळरान बघा. संपर्क तुटल्यास मोटर बंद पडेल असे फेलसेफ लावून ते जमिनीवरच, पंखा काढून, रिमोट बंद करून तपासा. खांब लवचिक प्लास्टिकच्या नळीचे करा. प्रत्येक वैमानिकाजवळ वळण पुकारणारा एक मित्र उभा ठेवा, कारण 180 मीटरवरच्या खांबापाशी विमान पुढे गेले की मागेच आहे हे एकट्याला ओळखता येत नाही.

मखमलाबादकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोटर आहे तीच ठेवतो. काच मिळाली आहे, निक्रोम तारही जुन्या शेगडीतून काढली आहे. एकच शंका राहिली : वाळूच्या पिशव्या टोकापर्यंत सारख्या ठेवायच्या, की मध्याजवळ जास्त?

गुण्या-ओळंबा

आपला पंख सरसकट 10 इंच रुंद आहे, त्यामुळे टोकापर्यंत सारख्या ठेवा. प्रत्यक्षात टोकाकडे उचल थोडी कमी होते, म्हणजे चाचणी थोडी कडकच होईल. पंख किती वाकतो ते दोन्ही टोकांना मोजपट्टीने मोजा आणि डावे-उजवे आकडे लिहून ठेवा. त्यांत फरक आला तर अस्तर एका बाजूला नीट चिकटलेले नाही असे समजा. तसे असेल तर बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज येईल, तिथे सुईने इपॉक्सी भरा.