अनुभव धागा: भर उन्हाळ्यात कळसूबाई (किंवा तसलाच खडा चढ), तयारी कशी केलीत?

निवांत_पाटी
तर मंडळी, मे महिन्यात ऑफिसची गँग कळसूबाईला निघालीये आणि तयारीचं बघायचं काम बोलता बोलता माझ्या गळ्यात पडलंय. पावसाळ्यातले धुक्याचे फोटो बघून सगळे हुरळलेत, पण उन्हाळ्यात तिथे काय होतं हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नाही. शिखर १६४६ मीटर, बारी गावातून धरलं तर साधारण आठशे-नऊशे मीटर चढायचंय आणि एकाच दिवसात उतरायचंय पण. अर्धे लोक आयुष्यात पहिल्यांदा ट्रेकला येतायत, दोघांना बीपीची गोळी चालू आहे. 'भरपूर पाणी प्या आणि टोपी घाला' ह्याच्या पुढचं काहीतरी हवंय. कळसूबाईच पाहिजे असं नाही, उकाड्यात कुठलाही दम काढणारा चढ केला असेल तर आधी काय काय केलंत ते लिहा. प्लीज सविस्तर.

सिंहगडी
पुण्यात असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, दुसरं काही शोधूच नका. सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे, वाट मळलेली, वर दही मिळतं. पण लोक काय करतात की पहाटे पाचला जातात, गार हवेत भराभर चढतात, सव्वा तासात वर पोचलो म्हणून खूश होतात आणि मग मेमध्ये दुसरीकडे कुठेतरी नऊच्या उन्हात सापडले की बसकण मारतात, कारण पाय तयार असतात पण अंगाला उन्हाची सवयच नसते. ती सवय वेगळी करावी लागते. आम्ही ट्रेकच्या आधीचे दोन आठवडे मुद्दाम थोडं थोडं उशिरा निघायला लागलो, आधी सातला, मग साडेसातला, मग आठला, आणि वेग निम्मा. दुपारी बाराला जाऊन मरा असं म्हणत नाहीये मी! रोज तासभर घाम निघेल इतकंच. आठवडा-दोन आठवड्यात फरक कळतो, घाम लवकर सुटायला लागतो, छाती कमी धडधडते. आणि ही सवय टिकत नाही हां, मध्ये दोन-तीन आठवडे एसीत बसलात की बरीचशी गेली, त्यामुळे मार्चमध्ये केलेला सराव मेमध्ये चालेल अशा भ्रमात राहू नका.

दुसरं म्हणजे उतार. जिमवाले सगळे चढायचीच तयारी करतात, ट्रेडमिलला इन्क्लाईन देतात, जिना चढतात आणि खाली यायला लिफ्ट घेतात. अरे, मांड्या भरतात त्या उतरताना! जिना उतरून या, सावकाश, पाठीवर सॅक घेऊन. वजनाला पाण्याच्या बाटल्या भरायच्या, म्हणजे फारच झालं तर ओतून देता येतं.

घोटीकर
आमच्या घराच्या गच्चीतून कळसूबाई दिसते, त्यामुळे येणाजाणाऱ्यांना सल्ले देण्याचा हक्क आपोआप मिळतो. बारीतून निघालं की सुरुवातीला शेतं आणि थोडी झाडी, तेवढीच काय ती सावली. त्याच्या वर उघडा डोंगर आहे, आणि कातळ एकदा तापला की वरून ऊन आणि खालून धग, दोन्हीकडून भाजतात. शिड्या लोखंडी आहेत. मेमध्ये दहा-साडेदहानंतर त्या रेलिंगला हात लावून बघा म्हणजे कळेल. कापडी हातमोजे ठेवा, साधे बाईकवाले पण चालतात.

शिखराच्या अलीकडे विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर कोणी जाऊ नये. वाटेत लिंबू सरबत, ताकाच्या टपऱ्या शनिवार-रविवारी भरपूर, मधल्या वारी गेलात तर एखादी उघडी असेल नाहीतर नसेल. पाणी आपलं आपण न्यायचं, माणशी चार लिटर. जड होतं म्हणून कुरकुर करणारे लोक परत येताना दुसऱ्याच्या बाटलीकडे बघत चालतात.

वेळेचं म्हणाल तर आम्ही घरातल्या पाहुण्यांना पहाटे तीनला गावातून हलवतो. मेमध्ये सूर्य सहाच्या सुमारास येतो, तोपर्यंत शेवटच्या शिडीच्या आसपास असायला हवं. वर देवीचं दर्शन, समोरचे अलंग-मदन-कुलंग हे गड बघायचे, भंडारदऱ्याचं पाणी बघायचं, खायचं, आणि सातला खाली सुटायचं. शनिवारी रात्री एवढी गर्दी असते की शिड्यांवर लाईन लागते आणि हे सगळं गणित कोलमडतं, म्हणून जमलं तर रविवार-सोमवार करा. आणि हो, रात्री ड्राईव्ह करून येऊन लगेच चढू नका, गावात मुक्कामाची सोय होते, चार तास तरी झोपा. जागरण आणि ऊन ही जोडी वाईट.

ओढणीवाली
कोणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहिते. ग्रुपमध्ये मुली असतील तर त्यातल्या निम्म्या मुद्दाम पाणी पिणार नाहीत, कारण वर आडोसा नाही आणि सोबत ऑफिसचे लोक. दर उन्हाळ्यात हे बघते मी. सकाळपासून दोन घोट, मग डोकं दुखतंय, मग मळमळतंय, मग सगळे म्हणतात हिचा स्टॅमिनाच नाही. तर निवांत_पाटी, तू लीडर असशील तर निघतानाच सरळ सांगून टाक की अमुक अमुक ठिकाणी मुली थांबतील आणि बाकीचे वळणापुढे जातील. एक ओढणी किंवा मोठा पंचा जवळ असला की दोघीजणी धरून आडोसा होतो. एवढं बोललं की पाणी आपोआप प्यायलं जातं.

कपडे: पूर्ण बाह्या, सैल, फिका रंग. जीन्स कोणी घालून आलं तर त्याला गाडीतूनच उतरू देऊ नका. मांड्या घासतात त्याला पेट्रोलियम जेली निघायच्या आधी लावायची, सोलवटल्यावर नाही. सनस्क्रीन कपाळाला थापलं की घामाबरोबर डोळ्यात जातं आणि शिडीवर नेमकी चुरचुर होते, म्हणून मी कपाळाला रुमाल बांधते आणि सनस्क्रीन नाक, गाल, मानेला. ओढणी ओली करून मानेवर टाकायची, ह्याच्यासारखं सुख नाही.

डॉक्टर_बिक्टर
बीपीवाल्या दोघांबद्दल आधी. काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, काहींनी नाडी मंद राहते, उन्हात दोन्हीचा फरक पडतो. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, आपल्या डॉक्टरला 'मेमध्ये चढायला जातोय' असं स्पष्ट सांगून विचारायचं. डायबेटिस असेल तर तेच, आणि इन्सुलिन तापलेल्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवू नका.

पाण्याबद्दल. उकाड्यात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्यातून मीठ पण जातं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, तेव्हाही डोकेदुखी, उलटी, भंजाळल्यासारखं होतं, आणि लोक त्याला अजून पाणी पाजतात. म्हणून निम्मं पाणी साधं, निम्मं मीठ-साखरेचं. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळतं त्यातलं बरंचसं गोड सरबत असतं, ओआरएस नव्हे.

आता महत्त्वाचं. थकलाय, घामाघूम आहे, चक्कर येतेय पण बोलतोय नीट: सावलीत आडवा करा, पाय वर, घोट घोट ओआरएस, आणि त्या दिवशी त्याचा चढ संपला. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला, भांडायला लागला, तर तो उष्माघात धरायचा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं समजू नका, चढून झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि एकेक मिनिट मोलाचं असतं. असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, कपडे सैल करा, पंचाने वारा घाला, काख, मान, जांघेत ओलं कापड. आधी थंड करायचं आणि ते करता करता १०८ ला फोन, थंड न करता खाली पळवत नेऊ नका. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

खिशातल्या कांद्याबद्दल कोणीतरी विचारेलच. खिशात काही उपयोग नाही, भाकरीबरोबर खा.

सिंगापुरी_चकली
आमच्याकडे डोंगर नाही हो! बुकित तिमाह म्हणून सगळ्यात उंच टेकडी आहे ती १६३ मीटर, त्यामुळे किनाबालूची (मलेशियातला उंच डोंगर) तयारी इथले बरेच लोक बिल्डिंगच्या जिन्यात करतात. मी पण तेच केलं, ब्लॉकचे जिने चढ-उतार, पाठीवर सॅक, आणि शेजारच्या आजी रोज विचारायच्या लिफ्ट बिघडली का म्हणून. इथे ऊन तुमच्यासारखं टोचत नाही पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, नुसता टपकतो, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड कसं होणार? त्यामुळे तापमान ३१ दिसलं तरी फसायचं नाही. कोकणातून घाटावर चढणाऱ्यांना हे जास्त लागू पडेल, नाशिकच्या कोरड्या हवेत कमी. मी वेगाकडे बघणं सोडलं आणि नाडीकडे बघायला लागले, एका ठराविक आकड्यावर गेली की थांबायचं, मग कोणी पुढे जावो.

किनाबालूला तिंपोहोन गेट १८६६ मीटरवर, मुक्काम ३२०० च्या वर, शिखर ४०९५. खाली घामाच्या धारा आणि पहाटे शिखरावर दात वाजतात, म्हणजे सॅकमध्ये दोन्ही ऋतू भरायचे. गाईड आणि परमिट सक्तीचं. तुमच्या कळसूबाईला एवढं नाही लागणार, पण मेमध्येही पहाटे वर वारा असेल आणि अंगातला शर्ट ओला, एक कोरडा टीशर्ट ठेवाच.

जुनं_खोड
मी जरा मोडता घालतो. मेमध्ये नवख्यांना नेण्याची गरजच काय? डोंगर नोव्हेंबरातही तिथेच असतो. आम्ही उन्हाळ्यात हिंडायचो नाही असं नाही, बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड मार्चअखेर केलाय, त्या नळीत वारा शून्य, दगड तापलेले, घसारा इतका की दोन पावलं वर आणि एक खाली. पण सोबत सगळे सरावलेले होते आणि कोण कुठे बसेल हे माहीत होतं.

उन्हाळ्यात तीन गोष्टी वेगळ्या असतात त्या कोणी लिहिल्या नाहीत. एक घसारा: वाळलेल्या गवतावर आणि मुरमावर पाय सटकतो, पावसाळ्यातल्या चिखलापेक्षा जास्त. दोन, वणवा: खाली धूर दिसला तर उत्सुकतेने बघत बसू नका, वारा कुठला आहे ते बघा आणि गवताळ धारेवरून हला. तीन, आग्या मोहोळ: कड्याकपारीत असतात, सेंट मारून जाऊ नका, शेकोटी नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड-डोकं झाकून तिथून लांब जायचं, हात झाडत उभं राहायचं नाही.

बाकी जायचंच असेल तर मान्य आहे, करवंदं-जांभळं त्याच दिवसात मिळतात, आणि पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे. पण काजव्यांच्या वीकेंडला ट्रॅफिकमध्येच तुमची पहाट होईल.

तळवा
एकच सांगतो. माळ्यावर दोन वर्षं पडलेले बूट तसेच घालून येऊ नका. दिसायला नवे असतात, उन्हात अर्ध्या वाटेवर सोल जबड्यासारखा उघडतो. आमच्या मित्राने सॅकच्या नाडीने बांधून गड उतरलाय. आधी आठवडाभर घालून बाजारहाट करा. नखं कापा, उतरताना अंगठा पुढे आपटतो. गावातल्या आज्या स्लीपरवर चढतात ते बघून स्फूर्ती घेऊ नका, त्यांचे पाय वेगळे आहेत.

सुगरण_नाही
खाण्याचं: चॉकलेट वितळतं, दहीभात आंबतो, वेफर्सने तहान लागते. दशम्या, गूळ-शेंगदाणे, काकडी, मिठातला आवळा टिकतात. पहाटे तीनला कोणाला भूक नसते म्हणून केळं आणि दोन खजूर जबरदस्तीने. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत नेते, पाण्यात चमचाभर टाकलं की उन्हात कोमट झालेलं पाणीही पिववतं. आदल्या रात्री गावात चमचमीत झणझणीत जेवून 'बसायचा' प्लॅन असेल तर त्या लोकांना पहाटे झोपू द्या, खरंच.

निवांत_पाटी
बापरे, भारी माहिती! जुनं_खोड काका, तुमचं ऐकून बॉसला डिसेंबरचं विचारलं, तो म्हणतो डिसेंबरात क्लोजिंग असतं. मग असं ठरवलंय की रविवारी रात्री मुक्काम, सोमवारी तीनला सुरुवात, सॅकमध्ये चार लिटर नसेल त्याला बारीतच ठेवायचं. पुढच्या शनिवारपासून ऑफिसच्या जिन्यात सराव, उतरण्यासकट. परत फिरायची वेळ काय ठेवू?

घोटीकर
साडेसात. कुठेही असलात तरी. शेवटच्या शिडीखाली असलात तरी फिरायचं, आणि हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर बोलून ठेव, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. हेडटॉर्चचे सेल नवीन टाका.

ओढणीवाली
आणि शेवटी चालणारा माणूस तुमच्यातला सगळ्यात फिट असू दे. त्याच्याकडे एक जास्तीची बाटली.