मदत हवी आहे: हरणांच्या शिकारीसाठी २०० डॉलरच्या आत दुर्बीण कोणती घ्यावी?

उणे_दहा:

नमस्कार मंडळी,

मी विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या जवळ राहतो. यंदा नोव्हेंबरात ऑफिसातल्या एका मित्राबरोबर त्याच्या काकांच्या शेतावर व्हाइटटेल हरणांच्या शिकारीला जायचं ठरलंय. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला (१ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतोच), भडक केशरी जॅकेट-टोपी आणली, रायफल मित्राची आहे. गाडी अडलीय ती दुर्बिणीपाशी.

कोर्सच्या मास्तरांनी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवलीय. झाडीत काय हललं ते बघायला रायफलचा स्कोप (तिच्यावर बसवलेली नेमाची दुर्बीण) डोळ्याला लावायचा नाही. स्कोप वळेल तिकडे नळी वळते, आणि समोर हरणाऐवजी माणूस निघाला तर? आधी दुर्बीण, खात्री पटली की मग रायफल. त्यात माझा यंदाचा बेत बिनशिंगाच्या हरणाचा आहे. इथल्या नियमात दोन्ही शिंगं ३ इंचांपेक्षा आखूड असली तर ते हरीण बिनशिंगाचंच धरतात. म्हणजे शंभर यार्डांवरून, अर्धवट उजेडात, दोन कानांच्या मधे खुंट आहे की नाही आणि असला तर केवढा, एवढं दिसायला हवं.

जागा म्हणजे ओकचं रान आणि त्याला लागून कापणी झालेलं मक्याचं शेत. नजर फार तर दोनशे यार्ड जाईल. बसायचं मचाणावर (ट्री स्टँड). थंडी उणे दहापर्यंत जाऊ शकते. मला चष्मा आहे आणि तो काढला तर दुर्बीण हातात धरूनही उपयोग नाही. वय पंचेचाळीस.

यूट्यूबवर जो तो १०×४२ (म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या म्हणतो. ऑनलाइन ४५ डॉलरला '२० ते १०० पट झूम'वाल्याही दिसतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

रानफूल_पीए:

पेनसिल्व्हेनियातून लिहितोय, आमच्याकडचं रानही असंच दाट आहे. ८×४२ घ्या. यूट्यूबवाले बहुतेक कोलोराडो-मोंटानाकडचे असतात. त्यांना समोरच्या डोंगरउतारावर मैलभर लांबची एल्क (तिकडची थोराड हरणं) शोधायची असतात, तीही बऱ्याचदा तिकाटण्यावर दुर्बीण चढवून. तुम्हाला फांद्यांच्या जाळीतून एक कान हुडकायचाय. त्यासाठी दृष्टिक्षेत्र रुंद लागतं आणि हात स्थिर लागतो. थंडीने हात कापत असताना दहापट चित्र किती नाचतं ते एकदा बघाच.

दुसरा मुद्दा उजेडाचा, आणि खरे पैसे इथेच मोजायचे असतात. तुमच्याकडे बार उडवायची वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात म्हणजे साडेसहाच्या आसपास. हरणांचा राबताही त्याच वेळी असतो. भिंगाचा व्यास भागिले पट, इतक्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. ८×४२ला ५.२५, १०×४२ला ४.२, आणि खिशात मावणाऱ्या ८×२५ला जेमतेम ३. पंचेचाळिशीत अंधारात बाहुली साधारण पाच-सहा मिलिमीटर उघडते, म्हणजे ८×४२ तुमच्या डोळ्याला बरोबर पुरते. १०×५० चालेल, पण गळ्यात धोंडा.

त्या झूमवाल्यांचं नावही काढू नका. शंभर पट हातात धरून काही दिसत नाही, आणि उजेडाचा भागाकार तुम्हीच करा. लाल चकचकीत भिंगंवाल्याही नकोत. तो लाल लेप येणारा उजेड परत फेकतो आणि चित्र हिरवट दिसतं.

भिगवणचा_बगळा:

शिकारीतलं मला काही कळत नाही (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच संपला), पण पक्षी बघतो, त्यामुळे स्वस्त दुर्बिणींवर बोलायचा हक्क आहे असं समजतो. :)

आमच्याकडे नवखा आला की ऑलिंपस ८×४० डीपीएस किंवा निकॉन अॅक्युलॉन, हे ठरलेलं. दोन्ही पोरो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या, खांदे बाहेर आलेल्या. कमी पैशात पोरोचं चित्र सरस असतं. सरळ नळ्यांच्या रूफ दुर्बिणीत प्रिझमवर फेज कोटिंग आणि आरशाचा लेप द्यावा लागतो. स्वस्त मालात नेमकी तिथेच काटकसर होते. पोरोला ही भानगडच नाही.

पण या दोन्ही तुम्हाला नकोत. एक तर जलरोधक नाहीत. दुसरं, दोन्हींचा आय रिलीफ (काचेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १२ मिमीच्या आसपास. चष्मा लावून बघितलंत तर कडेचं चित्र कापलं जाऊन मधलं भोक तेवढं उरेल. तुम्हाला किमान १६-१७ मिमी हवा.

साधासुधा:

पण मुळात बिचारी हरणं मारायचीच कशाला? फोटो काढा की.

रानफूल_पीए:

@साधासुधा, इकडे लांडगे-पुमा बहुतेक भागांतून केव्हाच संपले. हरणं मक्यावर-सोयाबीनवर ताव मारतात आणि रात्री गाड्यांपुढे येतात. किती मादी माराव्यात त्याचे परवाने सरकार भागवार ठरवून देतं. तरी तुमचं मत मान्य. वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे दुर्बीण चाललीय.

उणे_दहा:

धन्यवाद! ८×४२ नक्की केलं. आता मॉडेल? आणि तोंडाच्या वाफेने काच धुरकटते त्याला काय करायचं? 'नायट्रोजन भरलेली' लिहिलं असलं की धुकं धरत नाही ना?

रानफूल_पीए:

नायट्रोजन आत असतो, त्यामुळे आतून धुकं धरत नाही. बाहेरच्या काचेवर तुमचा श्वास बसला तर नायट्रोजन काय करणार? दुर्बीण जॅकेटच्या आत ठेवू नका. अंगाच्या उबेतली दमट हवा तिथे कोंडलेली असते, थंडगार काच आत नेली की ती तिच्यावर बसते. छातीवर, जॅकेटच्या बाहेर राहू द्या. मफलर नाकावरून घेतला असेल तर तो खाली करा, नाहीतर सगळी वाफ वर चष्म्यावरच जाते. आणि काच जॅकेटच्या बाहीने पुसायची नाही. आधी फुंकणी किंवा मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर.

मॉडेल तीनच बघा. निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२, साधारण १३० डॉलर. आय रिलीफ २० मिमीच्या वर, चष्मेवाल्यांना मोकळं मोकळं वाटतं. (त्याचीच १०×४२ घेतलीत तर तो १६च्या खाली येतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.) दुसरी व्होर्टेक्स क्रॉसफायर एचडी ८×४२, दीडशेच्या आत-बाहेर. आय रिलीफ १७, आणि छातीवर बांधायचा पट्टा-पाऊच सोबतच येतो. हा फुकटचा पट्टा साधा समजू नका. मचाणावर चढताना गळ्यातली दुर्बीण शिडीच्या प्रत्येक पायरीवर आपटते, पट्ट्यात ती छातीला चिकटून राहते. तिसरी व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी, दोनशेच्या काठावर. सेलमध्ये मिळाली तर तीच घ्या, पहाटेच्या उजेडात फरक दिसतो. तिच्या वरची निकॉन मोनार्क एम५ छानच आहे, पण ती पावणेतीनशेच्या पुढे. आमच्या ग्रुपात एकाकडे आहे, बघायला मागून घेतो.

व्होर्टेक्सवाले तुमच्याच राज्यातले, बार्नवेल्डचे, मॅडिसनहून गाडीने अर्ध्या तासावर. वॉरंटी आजन्म, पावती लागत नाही, म्हणून सेकंडहँड घ्यायलाही हरकत नाही.

खटपट्या:

दुकानात दिव्याखाली बघून ठरवू नका, तिथे ४५ डॉलरची पण झकास दिसते. संध्याकाळी साडेचारच्या पुढे जा आणि दारात उभं राहून पार्किंगच्या पलीकडच्या झाडांत बघू द्या म्हणा. देतात. सगळ्या दुर्बिणी एकाच फांदीवर लावा, अंधार पडेल तशी कोणती आधी दम सोडते ते कळेल. हातमोजे घालून फोकसचं चाक फिरतंय का तेही बघा. चष्मा असल्यामुळे डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली. उजव्या डोळ्याचं डायॉप्टर (दोन डोळ्यांतला फरक जुळवायची कडी) एकदा नीट लावून त्या जागी पेनाने खूण करा, हातमोज्यांनी ते हमखास सरकतं.

उणे_दहा:

खूणेची युक्ती भारी. शनिवारी जाऊन पी३ आणि क्रॉसफायर शेजारी-शेजारी धरून बघतो, डायमंडबॅक सेलमध्ये दिसली तर तीही. मित्राकडे लेझर रेंजफाइंडर आहे, तो मला वेगळा घ्यायला नको ना?

रानफूल_पीए:

नको. दोनशे यार्डांच्या रानात दिवसाउजेडी मचाणावरून चार झाडांची अंतरं मोजून ठेवा, पुरतं. उरलेल्या पैशांत चांगले पायमोजे घ्या, लोकरीचे.

साधासुधा:

हरीण मिळालं तर रश्श्याची कृती टाका.