मदत हवी आहे: मोडी कागदाची तारीख लागत नाही, सोमवारी आरएसी (संशोधन सल्लागार समिती) आहे

निळी_शाई (शुक्रवार, रात्री ९:१२)
अर्बा सबैन मया व अलफ म्हणजे इसवी सन किती? १७७३ की १७७४? कुणीतरी पटकन सांगा. सोमवारी आरएसीपुढे प्रबंधाचं तिसरं प्रकरण मांडायचंय आणि ते अख्खं प्रकरण या एका कागदावर उभं आहे. सरांना विचारलं तर म्हणाले, तू ठरव, पण ठाम ठरव. 'जंत्री (जुन्या तारखांची कोष्टकं) बघ' असं कृपया सांगू नका, बघून झालं आहे.

टाक_बोरू (९:२०)
अर्बा म्हणजे ४, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. एकूण ११७४. हा शुहूर सन, मराठी दफ्तरांतली जुनी कालगणना. मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्यामुळे तुमचे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. महिना कुठला आहे?

निळी_शाई (९:२३)
रबिलावल.

टाक_बोरू (९:२४)
आणि छ (मुसलमानी महिन्यातली तारीख) किती?

खानदेशी_माणूस (९:३१)
शुहूर आहे हे कशावरून धरलंत? आमच्याकडच्या कागदांत फसली (महसुली सन) सर्रास सापडते. फसली असेल तर ५९० मिळवायचे, म्हणजे १७६४ येईल. आधी सन कुठला ते ठरवा, मग बेरीज करा. नुसते अरबी आकडे दिसले की शुहूर म्हणायची सवय लागलीय सगळ्यांना.

टाक_बोरू (९:३८)
अहो, पेशवाईतल्या पुणे दरबारच्या कागदांत आकडे असे शब्दांत आले की शंभरात नव्व्याण्णव वेळा शुहूरच असतो. उगाच मुलीला घाबरवू नका. कागदावर 'सु॥' (शुहूरची खूण) आहे का एवढंच तिने सांगावं.

खानदेशी_माणूस (९:४४)
तो शंभरावा कागद माझ्या वाट्याला आला होता, म्हणून विचारलं. एम.फिल.ला माझं एक वर्ष त्यात गेलं.

निळी_शाई (९:४७)
'सु॥' आहे. स्पष्ट आहे. छ १८. प्लीज भांडू नका, मला फक्त साल हवंय.

प्रा_होऊ_घातलेला (९:५५)
माझा अनुभव सांगतो. आरएसीत तारखा कुणी विचारत नाही, विचारतात ते दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य किती टक्के आलं ते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून प्रबंध पुन्हा द्यावा लागतो. अवतरणात दिलेला आणि श्रेय दिलेला मजकूर त्यातून वगळतात. मोडीचं लिप्यंतर तुम्ही अवतरणचिन्हांत टाकलंय ना? माझं टाकायचं राहिलं होतं, फार मनस्ताप झाला.

निळी_शाई (१०:०१)
टाकलंय. पण माझा प्रश्न तो नाहीये.

वाई_मुक्काम (१०:३०)
ताई, जरा थांबा. छ १८ रबिलावल, सन ११७४, हे दोन्ही नक्की असेल तर तुमची अडचण बेरजेची नाही. घाई केलीत तर फसाल.

शुहूर वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणजे ते सूर्याच्या चालीने चालतं. महिने मात्र मुसलमानी, चंद्राचे. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे शुहूरच्या एका वर्षात काही थोड्या तारखा दोनदा येतात, एकदा वर्षाच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी. तुमच्या नशिबी नेमकी तशीच तारीख आली आहे.

हिजरी ११८७ चा १८ रबिलावल येतो ९ जून १७७३ ला. मृग तेव्हा नुकता लागलेला, म्हणून सन अर्बा सबैन. हिजरी ११८८ चा १८ रबिलावल येतो २९ मे १७७४ ला. तेव्हा पुढचा मृग लागायला अजून काही दिवस होते, म्हणून तेव्हाही सन अर्बा सबैनच. चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडेतिकडे होईल, तो धरून चाला.

या दोन तारखांच्या मध्ये काय घडलं ते तुम्हाला सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि २८ मेला त्यांच्या नावे पेशवाईची वस्त्रं आली. पहिल्या तारखेला गादीवर नारायणराव, दुसरीला चाळीस दिवसांचं मूल आणि कारभार बारभाईंचा. कागद आहे कसला? पत्र, महजर (सभेच्या निर्णयाचा लेख), निवाडपत्र (निकालाचा कागद)? अस्सल आहे की नक्कल? आणि तुम्ही जंत्री कुठली पाहिलीत?

निळी_शाई (१०:४१)
बापरे. दोनदा येते हे मला माहीतच नव्हतं, मला वाटत होतं माझी बेरीज चुकतेय.

निवाडपत्र आहे. पाटलाची विधवा विरुद्ध तिचा दीर, निम्म्या पाटीलकीवरून. गोतसभेने (गावकऱ्यांच्या आणि वतनदारांच्या न्यायसभेने) बाईच्या बाजूने निकाल दिलाय. प्रकरणाचा मुद्दाच हा आहे की पुण्यात एवढी धामधूम चालू असताना, गादीवर तान्हं मूल असताना, गावात गोत नेहमीसारखं बसलं आणि बाईचा हक्क मानला गेला. म्हणून १७७४ हवंय.

जंत्री म्हणजे मोबाइलवरचं हिजरी कन्व्हर्टर.

टाक_बोरू (१०:४६)
कन्व्हर्टर म्हणजे जंत्री नव्हे हो! खऱ्यांची शिवकालीन जंत्री तुमच्या काळाला उपयोगी नाही, मोडकांची घ्या. त्यात शक, संवत्सर, तिथी, वार, मुसलमानी तारीख आणि इंग्रजी तारीख समोरासमोर मिळते. कुठल्याही जुन्या ग्रंथालयात असते.

सह्यकडा (१०:५२)
मी समाजशास्त्रात पीएचडी करतोय. एका कागदावर प्रकरण उभं करणं मुळात धोक्याचं नाही का? त्या गावात जा. त्या घराण्याच्या आठवणी असतील, जत्रेत मान कुणाचा ते अजून ठरलेलं असेल. मी साताऱ्याकडे चार गावं हिंडलो, म्हाताऱ्या बायका जे सांगतात ते कुठल्याच दफ्तरात नाही.

वाई_मुक्काम (१०:५८)
ते वेगळं काम आहे आणि चांगलं काम आहे. पण म्हातारीच्या आठवणीतून १७७३ की १७७४ हे निघत नाही.

ताई, तुम्ही लिहिलंत 'म्हणून १७७४ हवंय'. आपल्याला काय हवंय ते आधी ठरवून कागद वाचायला बसलं की कागद तेच बोलतो. मी स्वतः यात चुकलो आहे आणि ते छापूनही आलं आहे, म्हणून सांगतो. निवाडपत्रात शक, संवत्सर, तिथी, वार असतात. ते काय आहे?

निळी_शाई (११:०५)
शकाचा आकडा आणि तिथी नाही, डावी कड कसरीने खाल्लीय. पण संवत्सर आहे: जयनाम संवत्सरे. म्हणजे शके १६९६, म्हणजे १७७४. आणि वार सोमवार आहे. २९ मे १७७४ रविवार येतो, पण एक दिवस इकडेतिकडे चालतो ना? ३० मे सोमवार. सगळं जुळतंय.

नवे_तंत्र (११:१०)
फोटो सरळ एआयला द्या. मी मोडीची तीन पानं दिली, दोन मिनिटांत देवनागरी करून दिलं. अजून अक्षर लावत बसायचं म्हणजे वेळेचा अपव्यय आहे.

निळी_शाई (११:१२)
सोमवार त्यानेच वाचलंय. मला तिथे नीट लागत नव्हतं.

टाक_बोरू (११:१४)
आणि ती तीन पानं बरोबर आली हे तुम्ही कुणाकडून तपासून घेतलंत, नवे_तंत्र?

नवे_तंत्र (११:१९)
वाक्यं अर्थपूर्ण होती. तुम्हा जाणकारांना वाटतं मोडी तुमच्याचकडे राहावी. पुरालेखागारात रुमालांवर रुमाल (कागदांची कापडी गाठोडी) पडून आहेत, ते वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. यंत्राशिवाय हे कधी वाचून होणार?

टाक_बोरू (११:२७)
राहावी असं वाटत असतं तर दर मे महिन्यात फुकट वर्ग घेतला नसता. यंत्राला विरोध नाही. अडलेलं अक्षर अडलंय असं यंत्र सांगत नाही, अर्थ लागेल असं काहीतरी बसवून देतं, हा विरोध आहे. विद्यार्थी अडला की निदान विचारतो.

वाई_मुक्काम (११:३३)
तो वाद उद्या घाला. ताई, वाराच्या जागी तुम्हाला स्वतःला काय दिसतं ते सांगा. अर्थ लावू नका, फक्त वळणं सांगा.

निळी_शाई (११:४६)
स. त्याला काना आहे, वर मात्रा, एक की दोन ते कळत नाही कारण शिरोरेषेच्या वर शाई फुटलीय. मग म, त्याच्या पोटाला चिकटून एक गाठ. मग सरळ 'वासरे'. ती गाठ मी म चं वळण समजले होते.

वाई_मुक्काम (११:५१)
ती गाठ म्हणजे य. म ला य जोडलाय. सौम्यवासरे.

सौम्य म्हणजे सोमाचा मुलगा, बुध. सौम्यवासर म्हणजे बुधवार. जुन्या कागदांत इंदुवासर सोमवार, भौमवासर मंगळवार, सौम्यवासर बुधवार, भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार असं येतं. सोम आणि सौम्य यांत भले भले फसतात.

९ जून १७७३ हा बुधवार आहे.

निळी_शाई (११:५३)
पण मग जयनाम संवत्सर?

वाई_मुक्काम (११:५५)
'जय' ओळीच्या सुरुवातीला आहे का?

निळी_शाई (११:५६)
हो.

वाई_मुक्काम (११:५७)
ज्या कडेला कसर लागलीय, त्याच कडेला?

निळी_शाई (शनिवार, रात्री १२:१०)
हो.

विजय. शके १६९५ चं संवत्सर विजय आहे. 'वि' कसरीने खाल्लाय.

वाई_मुक्काम (१२:१४)
तसं असावं. पण फोटोवरून ठरवू नका. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं लटकावतो, त्यामुळे रेघ शाबूत आहे म्हणजे अक्षर नव्हतंच असं होत नाही. रेघेखाली भोकाच्या काठावर शाईचा ठिपका उरलाय का ते अस्सल कागदावर बघा, भिंग घेऊन, कागद तिरपा धरून. तोवर कंसात प्रश्नचिन्ह घालून '[वि]जय' लिहा. वार तुमच्या बाजूने भक्कम आहे.

निळी_शाई (१२:२०)
माझ्या बाजूने नाहीये ना. १७७३ जूनला नारायणराव जिवंत होते, धामधूम नव्हती. प्रकरणाचा मुद्दाच गेला. आज शनिवार, पुरालेखागार सोमवारीच उघडणार, आणि सोमवारीच माझी आरएसी. चौथं वर्ष चालू आहे माझं.

लेकुरवाळी_संशोधक (सकाळी ७:४०)
रात्रीचं सगळं वाचलं. आधी झोप काढ. मी दोन मुलं सांभाळून प्रबंध दिला, म्हणून हक्काने सांगते. २०२२ च्या नियमांत मुदत सहा वर्षांची आहे, वर दोन वर्षं पुनर्नोंदणीने मिळतात आणि बायकांना आणखी दोन. चौथ्या वर्षी कुणी बुडत नाही.

आणि मुद्दा गेला असं मला वाटत नाही. गादीवर कोण होतं ते सोडून दे जरा. विधवेने दिराविरुद्ध निम्मी पाटीलकी मिळवली, ती मिळवताना ती गोतापुढे काय बोलली, साक्षी कोण कोण आले? खाली तिची निशाणी (सहीऐवजी काढलेली खूण) आहे का?

निळी_शाई (८:१५)
आहे. पुरुषांच्या नावांपुढे नांगर, आणि तिच्या नावापुढे बांगडी. छोटंसं वर्तुळ, एका ठिकाणी जोड सुटलेला. लिप्यंतर करताना मी 'निशाणी' एवढंच लिहून पुढे गेले होते.

तंजावूरकर (९:०२)
तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागदांचा मोठा साठा आहे, पण तिकडचं वळण वेगळं आणि मराठीत तमिळ शब्द मिसळलेले. इकडे मोडी आणि तमिळ दोन्ही येणारी मुलं मिळत नाहीत. इथल्या कुणाला इच्छा असेल तर जरूर या, विषयांना तोटा नाही.

खानदेशी_माणूस (९:३०)
फसलीचा माझा आग्रह चुकला, मान्य. मात्र नक्कल की अस्सल याचं उत्तर अजून आलेलं नाही. नक्कल असेल तर 'जय' हा नकलनविसाचा हातही असू शकतो.

निळी_शाई (९:४१)
खाली शिक्का आहे, निशाण्या वेगवेगळ्या हातांच्या आहेत. अस्सल आहे असं मी धरलंय. सोमवारी तेही बघते.

निळी_शाई (मंगळवार, दुपारी ४:०५)
आरएसी दुपारी तीनला होती, त्याआधी साडेदहाला पुरालेखागार उघडताच गेले. रुमाल सोडून कागद हातात यायला तासभर लागला. भोकाच्या उजव्या काठावर, 'ज' च्या अलीकडे, रेघेपासून खाली आलेला शाईचा बारीक आकडा आहे. पूर्ण अक्षर नाही, पण तिथे अक्षर होतं. वाराच्या जागी भिंगातून य सरळ दिसतो. शाई फुटलीय तिथे मात्रा दोन आहेत. अस्सलच आहे.

समितीपुढे ९ जून १७७३ मांडलं, आधीची तारीख कशी चुकली तेही सांगितलं. एका बाईंनी बराच वेळ त्या बांगडीवरच विचारलं, अशा निशाण्या दुसऱ्या कागदांत किती आहेत, सधवा आणि विधवा दोघींची बांगडीच असते का. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसरं प्रकरण पुन्हा लिहायचंय, सहा महिन्यांनी परत दाखवायचंय.

वाई_मुक्काम काका, तुमचे उपकार आहेत. टाक_बोरू, मे महिन्यातल्या वर्गाला माझं नाव घाला, जोडाक्षरं मला पहिल्यापासून शिकायचीत.

कुणाच्या बघण्यात निवाडपत्रावर किंवा महजरावर बांगडीची निशाणी आली असेल तर इथे कळवा. या वेळी सगळं आधीच सांगते: काळ १७५० ते १८१८, पुणे आणि सातारा प्रांत, वतनाचे कागद, अस्सल असेल तर उत्तम. वर्तुळ पूर्ण आहे की जोड सुटलेला, तेही लिहा.

टाक_बोरू (४:२२)
नाव घातलं. माझ्याकडे इंदापूरकडचे दोन कागद आहेत, रात्री काढून बघतो. एकात जोड सुटलेला आहे असं आठवतंय.