मदत हवी आहे: वर्षभर मिशनवर राहून आलो, चर्चमध्ये काय सांगू?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा, सदरला राहतो. केनियात किसुमूला एक वर्ष मिशनवर होतो, मागच्या महिन्यात परत आलो. येत्या रविवारी चर्चमध्ये दहा मिनिटं साक्ष द्यायची, म्हणजे आपला अनुभव सांगायचा आहे आणि तीन दिवसांपासून कागद घेऊन बसून राहिलो, पुढं सरकतच नाहीये.

सगळ्यांना वाटते मी तिथं खूप काही केलं असेल, पण पहिले चार महिने स्वाहिली शिकण्यातच गेले आणि ती जराशी जमली तर कळलं की घराघरात म्हाताऱ्या बाया तिथली लुओ भाषाच बोलतात, मग मी नुसता त्यांच्याजवळ बसायचो, मक्याच्या पिठाची उगाली खायचो. इकडे आईचं ऑपरेशन होतं त्या रात्री तिथली शेजारची मावशी पहाटेपर्यंत माझ्यासोबत प्रार्थना करत बसली. तिला मी काय शिकवणार होतो?

आपले हिस्लॉप साहेब, स्कॉटलंडचे मिशनरी, १८४५ ला नागपूरला आले, १८६३ ला इकडेच नदीत बुडून वारले. माझं तर एकच वर्ष.

कोणी असं परत येऊन बोललं असेल तर सांगा ना, जे जमलं नाही तेही सांगायचं का? आणि फोटो दाखवायचे का? मला तर त्या लोकांची गरिबी मांडल्यासारखं वाटते, पण पास्टर म्हणतात दाखव.